तान्ह्या बाळांचा काचबिंदू : शस्त्रक्रिया कोणती, आणि केव्हा?

वाचकांचे प्रश्न, नेत्रतज्ज्ञांची उत्तरे

मागील अंकातील काचबिंदूविषयीचा मजकूर प्रौढांपुरता होता. तो वाचून लहान मुलांच्या पालकांनी आणि आजी-आजोबांनी पाठवलेल्या पत्रांतील काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. पत्रे आवश्यक तेवढी संक्षिप्त केली असून नावे वगळली आहेत.

प्रश्न : आमची मुलगी पाच महिन्यांची आहे. तिसऱ्या महिन्यापासून तिच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी येऊ लागले, उजेडात ती डोळे घट्ट मिटून घेऊ लागली आणि पुढे बुबुळे मोठी व धुरकट दिसू लागली. आता जन्मजात काचबिंदूचे निदान झाले आहे. एका डॉक्टरांनी गोनिओटॉमी सुचवली, दुसऱ्यांनी ट्रॅबेक्युलॉटॉमी आणि ट्रॅबेक्युलेक्टॉमी एकत्र करू असे सांगितले, तर तिसऱ्यांनी ‘३६० अंशांची’ शस्त्रक्रिया सुचवली. तिघेही अनुभवी आहेत. आम्ही कोणाचे ऐकावे?

उत्तर : हे तीन सल्ले वरवर वाटतात तितके परस्परविरोधी नाहीत. त्यांतला फरक समजण्यासाठी आधी अडथळा नेमका कुठे आहे ते पाहावे लागेल. डोळ्याच्या पुढच्या भागात पाण्यासारखा एक द्रव सतत तयार होत असतो. बुबुळाचा पारदर्शक भाग आणि त्यामागचा रंगीत पडदा जिथे एकमेकांना मिळतात त्या कोनात एक सूक्ष्म जाळी असते. तिच्यातून हा द्रव पाझरतो, जाळीमागच्या वर्तुळाकार नलिकेत, म्हणजे श्लेमच्या नलिकेत, उतरतो आणि तिथून रक्तप्रवाहात जातो. जन्मजात काचबिंदूत ही जाळी गर्भावस्थेत नीट घडलेली नसते. द्रव तयार होत राहतो, पण बाहेर पडू शकत नाही आणि दाब वाढतो. बाळाच्या डोळ्याची भिंत लवचीक असल्याने त्या दाबाने डोळाच ताणला जाऊन मोठा होतो. नवजात बाळाच्या बुबुळाचा व्यास साधारण ९.५ ते १०.५ मिलिमीटर असतो. पहिल्या वर्षात तो १२ मिलिमीटरच्या पुढे गेला असेल तर काचबिंदूची शंका घेतलीच पाहिजे. या ताणामुळे बुबुळाच्या आतल्या पातळ थराला भेगा पडतात, द्रव बुबुळात शिरतो आणि तुम्ही पाहिलेला धुरकटपणा येतो.

जाळीलाच छेद देऊन द्रवाची निसर्गाने ठरवलेली वाट मोकळी करायची, हा गोनिओटॉमी आणि ट्रॅबेक्युलॉटॉमी या दोन्ही शस्त्रक्रियांचा हेतू आहे. जाळीपर्यंत कोणत्या बाजूने पोहोचायचे, एवढाच त्यांच्यातला भेद आहे. गोनिओटॉमीत बुबुळावर एक विशेष भिंग ठेवून, त्यातून कोन प्रत्यक्ष पाहत, बुबुळाच्या कडेतून आत घातलेल्या बारीक सुईने किंवा पात्याने समोरच्या बाजूची जाळी चिरतात. एका वेळी साधारण ९० ते १२० अंशांचा, म्हणजे वर्तुळाच्या पाव ते एक तृतीयांश भागाचा, छेद देता येतो. दाब पुरेसा उतरला नाही तर काही आठवड्यांनी उरलेल्या भागात हीच शस्त्रक्रिया पुन्हा करतात. अमेरिकेतील ऑटो बार्कन यांनी १९४० च्या सुमारास ती बाळांच्या काचबिंदूसाठी रूढ केली; त्यापूर्वी या आजाराच्या बहुतेक मुलांच्या वाट्याला अंधत्व येत असे. जाळीवर एक पातळ पापुद्रा असतो आणि तो कापल्याने गुण येतो, अशी बार्कन यांची समजूत होती. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली तसा पापुद्रा काही सापडला नाही, शस्त्रक्रियेचा गुण मात्र आजही येतो.

गोनिओटॉमीचा मोठा गुण असा की डोळ्याच्या पांढऱ्या भागाला आणि त्यावरच्या पातळ आवरणाला, म्हणजे नेत्रश्लेष्म्याला, ती हातही लावत नाही. पुढेमागे दुसरी शस्त्रक्रिया लागलीच तर हे अस्पर्श आवरण फार मोलाचे ठरते. तिची अडचणही तितकीच उघड आहे : बुबुळ धुरकट असेल तर कोन दिसत नाही, आणि न पाहता तिथे पाते चालवता येत नाही. काही दिवस औषधांनी दाब उतरवून, किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी बुबुळाचा सुजलेला वरचा थर काढून, दृष्टीआडचा कोन नजरेत आणता येतो. पण दर वेळी हे साधतेच असे नाही.

अशा डोळ्यांसाठी ट्रॅबेक्युलॉटॉमी उपयोगी पडते. ही पद्धत १९६० मध्ये पुढे आली. तीत डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीचा अर्ध्या जाडीचा छोटा पदर उचलून बाहेरूनच श्लेमची नलिका शोधतात, तिच्यात धातूची वाकडी बारीक सळई सरकवतात आणि ती आतल्या बाजूला फिरवून जाळी फाडतात. बुबुळ कितीही धुरकट असले तरी हे करता येते. अडचण असते ती नलिका शोधण्याची, कारण ताणून मोठ्या झालेल्या डोळ्यात शरीररचनेच्या नेहमीच्या खुणा सरकलेल्या असतात. कधी नलिका सापडत नाही, तर कधी सळई भलत्याच थरात शिरते. म्हणून या शस्त्रक्रियेत हाताचा सराव फार महत्त्वाचा आहे.

तुम्हाला सुचवलेली ३६० अंशांची शस्त्रक्रिया हा ट्रॅबेक्युलॉटॉमीचाच पुढचा टप्पा होय. ताठ सळई नलिकेत दोन्ही बाजूंना थोडीच आत जाते. १९९५ मध्ये बेक आणि लिंच यांनी तिच्याऐवजी शस्त्रक्रियेचा बारीक धागा नलिकेत पूर्ण वर्तुळभर फिरवून, त्याची दोन्ही टोके ओढून सबंध जाळी एकाच वेळी उघडण्याची पद्धत वर्णन केली. आता धाग्याऐवजी टोकाला दिवा असलेली अतिशय बारीक नळीही वापरतात. टोक चमकत असल्याने नळी नलिकेतच आहे की भरकटली, हे शल्यविशारदाला बाहेरून दिसत राहते. बुबुळ स्वच्छ असेल तर हेच काम पांढऱ्या भागाला न कापता, गोनिओटॉमीसारखे आतल्या बाजूनेही करता येते. धागा किंवा नळी मध्येच अडकली तर जितका भाग उघडता येईल तितकाच उघडून थांबावे लागते. जाळी जास्त फाटत असल्यामुळे डोळ्यात रक्त उतरण्याचे प्रमाणही थोडे अधिक असते. ते बहुधा काही दिवसांत आपोआप शोषले जाते.

दुसऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यातील ट्रॅबेक्युलेक्टॉमी मात्र वेगळ्या जातीची आहे. ती १९६८ मध्ये केर्न्स यांनी मांडली आणि प्रौढांत तिचा मोठा उपयोग झाला. मूळची वाट दुरुस्त करण्याऐवजी ती डोळ्याच्या भिंतीला एक नवी झडप पाडते. द्रव तिथून बाहेर येऊन नेत्रश्लेष्म्याखाली एका फुगीर कप्प्यात साठतो व शोषला जातो. लहान मुलांच्या शरीरात जखम भरून काढण्याची ताकद मोठी असते, आणि इथे तीच आपल्या विरोधात जाते, कारण झडप व्रणाने बुजू लागते. ते रोखण्यासाठी मायटोमायसिन हे औषध लावले तर कप्प्याची त्वचा वर्षानुवर्षे पातळ व निस्तेज राहते, तिच्यातून जंतू आत शिरण्याचा धोका आयुष्यभर राहतो, आणि ज्याला अजून सारे बालपण मातीत खेळायचे आहे त्याच्यासाठी हा धोका लहान म्हणता येत नाही. ट्रॅबेक्युलॉटॉमी आणि ट्रॅबेक्युलेक्टॉमी एकत्र करण्यामागचा तर्क असा की एकाच भुलीत दोन वाटा मिळतात, त्यांतली एक बुजली तरी दुसरी उरते. जन्मतःच बुबुळे फार मोठी आणि पांढरट असलेल्या गंभीर रुग्णांत अनेक अनुभवी शल्यविशारद पहिली शस्त्रक्रिया म्हणून हीच करतात. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतील डॉ. अनिल कुमार मंडल यांचे या विषयातील काम जगभर ओळखले जाते.

आता तुलनेकडे येऊ. गोनिओटॉमी आणि साधी ट्रॅबेक्युलॉटॉमी यांचे निकाल, योग्य डोळा निवडला असेल तर, जवळपास सारखे येतात. लक्षणे तिसऱ्या ते बाराव्या महिन्यात सुरू झालेल्या बाळांत एक किंवा अधिक वेळा केलेल्या कोनाच्या शस्त्रक्रियेने १०० पैकी सुमारे ७० ते ९० डोळ्यांचा दाब आटोक्यात येतो, असे निरनिराळ्या केंद्रांचे अनुभव सांगतात. जन्मतःच आजार दिसणाऱ्या बाळांत हे यश बरेच कमी असते. ३६० अंशांची पद्धत साध्या ट्रॅबेक्युलॉटॉमीपेक्षा सरस ठरण्याची शक्यता आहे, असे या विषयावरील प्रयोगांचा २०२० मध्ये आढावा घेणाऱ्या कॉक्रेन अहवालातही आढळते. मात्र मूळ अभ्यास छोटे आणि कमी काळाचे असल्याने त्यातील पुराव्याचे बळ मर्यादित आहे, आणि एकत्रित शस्त्रक्रिया साध्या ट्रॅबेक्युलॉटॉमीपेक्षा चांगली की नाही याचा तर त्यावरून निर्णय होऊ शकत नाही. शिवाय ‘यश’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक अभ्यासात एकच नसतो. कुणी दाब पाऱ्याच्या २१ मिलिमीटरपर्यंत असला तरी यश मानतो, कुणी १८ ची मर्यादा घालतो. कुणी थेंब चालू असतानाचा दाब मोजतो, कुणी थेंबांशिवायचा. म्हणून एका डॉक्टरांचे ८० टक्के आणि दुसऱ्यांचे ९० टक्के यांची सरळ तुलना करू नये.

तुमच्या मुलीची लक्षणे तिसऱ्या महिन्यात सुरू झाली, म्हणजे कोनाची शस्त्रक्रिया सर्वाधिक लागू पडते अशा गटात ती आहे. पहिली शस्त्रक्रिया जाळी उघडणारी असावी आणि नेत्रश्लेष्मा शक्य तितका राखून ठेवावा, असे माझे मत आहे. बुबुळातून कोन दिसत असेल तर गोनिओटॉमी किंवा आतून केलेली ३६० अंशांची शस्त्रक्रिया, आणि दिसत नसेल तर बाहेरून केलेली ट्रॅबेक्युलॉटॉमी, तीही जमल्यास पूर्ण वर्तुळाची, हा क्रम मला योग्य वाटतो. एकत्रित शस्त्रक्रिया मी बुबुळ फारच मोठे आणि पांढरे असेल अशा डोळ्यासाठी, किंवा आधीचे उपाय थकल्यावर, राखून ठेवेन. पण डोळा मी पाहिलेला नाही, आणि भुलीखाली तो प्रत्यक्ष पाहणाऱ्याचा शब्द माझ्यापेक्षा वजनदार आहे. तिन्ही डॉक्टरांना एक प्रश्न अवश्य विचारा : एक वर्षाच्या आतील मुलांत यांपैकी कोणती शस्त्रक्रिया तुम्ही सर्वाधिक वेळा केली आहे? नवख्या हाताच्या ३६० अंशांपेक्षा सरावाच्या हातची साधी गोनिओटॉमी मी कधीही पसंत करीन. आणि हा निर्णय लवकर घ्या. या आजारात महिनाभर मते गोळा करत बसणे हे कोणत्याही शस्त्रक्रियेच्या निवडीपेक्षा अधिक महागात पडते.

प्रश्न : माझ्या नातवाला हाच आजार आहे. माझा स्वतःचा काचबिंदू गेली अनेक वर्षे थेंबांवर आटोक्यात आहे. मग एवढ्या लहान जिवावर शस्त्र चालवण्याची घाई कशासाठी? थेंब देऊन तो मोठा होईपर्यंत थांबता येणार नाही का?

उत्तर : आजोबा, आपला आणि नातवाचा आजार नावाने एक असला तरी घडण वेगळी आहे. आपल्या डोळ्यातील जाळी पूर्ण घडली होती आणि वयानुसार तिची कार्यक्षमता घटली. थेंबांनी तिला मदत मिळते. नातवाची जाळी घडलीच नाही, त्यामुळे थेंबांनी दाब थोडा उतरतो, पण बहुधा पुरेसा उतरत नाही आणि टिकत तर नाहीच. दरम्यान डोळा ताणत राहतो, बुबुळावर कायमचे व्रण पडतात आणि दृष्टीची नस झिजते. थेंबांचा उपयोग शस्त्रक्रियेपूर्वी काही दिवस बुबुळ निवळावे म्हणून, आणि नंतर दाब थोडा वर राहिला तर जोड म्हणून होतो. एक सावधगिरी मात्र घरातल्या सर्वांनी पाळावी : आपले थेंब नातवाच्या डोळ्यात चुकूनही घालू नयेत. प्रौढांच्या काचबिंदूत सर्रास दिले जाणारे ब्रिमोनिडीन दोन वर्षांखालील मुलांत श्वास मंदावू शकते व बाळ गुंगीत जाऊ शकते, म्हणून या वयात ते वर्ज्य आहे. टिमोलॉलही दम्याच्या किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळाला जपून, कमी प्रमाणात आणि डॉक्टरांच्या सांगण्यानुसारच द्यायचे असते.

प्रश्न : आमच्या मुलाची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया तो तीन महिन्यांचा असताना झाली. आता तो अडीच वर्षांचा आहे आणि त्याच डोळ्यात काचबिंदू झाल्याचे कळले. डॉक्टरांनी डोळ्यात नळी बसवावी लागेल असे सांगितले आहे. नळी ही शेवटची पायरी असते असे आम्ही ऐकले होते. गोनिओटॉमी का नाही? आणि चिरफाड टाळून लेसर का करत नाहीत?

उत्तर : वरच्या उत्तरातला क्रम प्राथमिक जन्मजात काचबिंदूसाठी आहे, तुमच्या मुलाचा काचबिंदू मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरचा आहे, आणि तिथे गणित बदलते. तान्हेपणी मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांत हा धोका ठाऊकच आहे. अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात एक ते सहा महिन्यांच्या वयात मोतीबिंदू काढलेल्या मुलांपैकी सुमारे २२ टक्के मुलांना पुढील दहा वर्षांत त्या डोळ्यात काचबिंदू झाला. तेव्हा हे कुणाच्या हलगर्जीपणामुळे झाले असे समजून मनाला लावून घेऊ नका. मोतीबिंदू न काढता डोळा तसाच ठेवला असता तर दृष्टी घडलीच नसती.

या डोळ्यात जाळी जन्मतः अपुरी नव्हती, ती नंतर निकामी झाली आहे. गोनिओटॉमीचे यश त्यामुळे इथे बरेच कमी असते. पूर्ण वर्तुळाची ट्रॅबेक्युलॉटॉमी काही केंद्रांत अशा मुलांवर प्रथम करून पाहतात आणि काही डोळ्यांत ती पुरेशी ठरते. तुमच्या डॉक्टरांना कोनाची स्थिती विचारा : तो उघडा असेल तर हा प्रयत्न करण्याजोगा आहे, आणि रंगीत पडदा चिकटून तो बंद झाला असेल तर नाही. ट्रॅबेक्युलेक्टॉमी मात्र या मुलासाठी मला गैरसोयीची वाटते. नैसर्गिक भिंग काढलेल्या अनेक मुलांना कॉन्टॅक्ट लेन्स वापरावी लागते, आणि पातळ त्वचेच्या कप्प्यावर रोज घासणारी लेन्स म्हणजे जंतुसंसर्गाला आमंत्रण होय.

नळी म्हणजे सिलिकॉनची केसासारखी बारीक नलिका. तिचे एक टोक डोळ्याच्या आत असते व दुसरे एका चपट्या पट्टीला जोडलेले असते. ही पट्टी डोळ्याच्या मागच्या बाजूला, नेत्रश्लेष्म्याखाली शिवून टाकतात. द्रव नळीतून पट्टीवर जातो आणि तिथे शोषला जातो. अहमद यांच्या नळीत दाब एकदम पडू नये म्हणून झडप असते, त्यामुळे ती पहिल्या दिवसापासून चालते. बेअरव्हेल्ट किंवा मदुराईच्या ऑरोलॅबची नळी झडपेविना असते; ती सुरुवातीला विरघळणाऱ्या टाक्याने बांधून ठेवतात आणि साधारण पाच-सहा आठवड्यांनी, पट्टीभोवती आवरण तयार झाल्यावर, टाका विरघळला की ती आपोआप सुरू होते. झडपेच्या नळीत सुरुवातीचा काळ निर्धास्त जातो, तर झडपेविना असलेल्या मोठ्या पट्टीने पुढे दाब अधिक खाली राहण्याचा संभव असतो. मधल्या पाच-सहा आठवड्यांत तुमच्या मुलाचा डोळा वाढलेला दाब सोसू शकेल का, यावर ही निवड बरीचशी ठरते.

नळीचे तोटेही तुम्हाला माहीत असावेत. मुलाचा डोळा वाढतो, नळी वाढत नाही. त्यामुळे ती आतून मागे सरकू शकते, बुबुळाच्या आतल्या थराला टेकून तो खराब करू शकते, किंवा वरचे आवरण झिजवून बाहेर डोकावू शकते. काही मुलांत डोळ्याची हालचाल अडखळते आणि तिरळेपणा येतो. नळी उघडी पडलेली दिसली तर दुखत नसले तरी त्याच दिवशी दवाखाना गाठावा. काही वर्षांत थेंब पुन्हा सुरू करावे लागणे, किंवा नळीची जागा बदलण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया लागणे, हे इतके वेळा घडते की त्याची मनाची तयारी आधीच ठेवलेली बरी.

लेसरविषयी : डायोड लेसर डोळ्यात द्रव तयार करणारा भागच काही प्रमाणात जाळून टाकतो. चीर नसते आणि वेळही थोडा लागतो, म्हणून तो सोपा वाटतो. परंतु जळलेला भाग परत येत नाही, मुलांत परिणाम काही महिन्यांतच ओसरून तो पुन्हा पुन्हा करावा लागतो, आणि अधिक झाला तर द्रव अतिशय कमी होऊन डोळा आकसण्याचा धोका असतो. दृष्टी चांगली असलेल्या डोळ्यात मी तो पहिला उपाय म्हणून करणार नाही. इतर शस्त्रक्रिया फसलेल्या, किंवा दृष्टीची आशा कमी पण वेदना जास्त असलेल्या डोळ्यात त्याला निश्चित जागा आहे.

प्रश्न : मुलाला सतत भूल देतात याची आम्हाला भीती वाटते. नुसत्या तपासणीलाही भूल लागते म्हणतात. दोन्ही डोळे एकाच दिवशी केले तर एक भूल वाचेल का?

उत्तर : भीती अनाठायी नाही, पण ती योग्य मापात ठेवावी. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१६ मध्ये तीन वर्षांखालील मुलांना वारंवार किंवा तीन तासांहून अधिक वेळ भूल देण्याबाबत सावधगिरीची सूचना दिली. त्यानंतर पूर्ण झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रयोगात, तान्हेपणी एकदाच सुमारे तासाभराच्या आत संपणारी भूल दिलेल्या मुलांची पाचव्या वर्षीची बौद्धिक वाढ इतर मुलांसारखीच आढळली. काचबिंदूच्या मुलांना भूल एकदाच लागत नाही, म्हणून प्रत्येक भुलीचा पूर्ण उपयोग करून घेणे शहाणपणाचे असते : तपासणी आणि शस्त्रक्रिया एकाच बैठकीत करावी, आणि मुलाला दुसरी एखादी तपासणी हवी असेल तर तीही त्याच वेळी उरकावी. झोपलेल्या किंवा दूध पिणाऱ्या बाळाचा दाब हातात धरायच्या छोट्या यंत्राने भुलीशिवायही मोजता येतो. त्याने भुलीखालची तपासणी पूर्णपणे टळत नाही, तिच्या फेऱ्या मात्र कमी होतात. हेही लक्षात असू द्या की भुलीच्या बऱ्याच वायूंनी डोळ्याचा दाब तात्पुरता उतरतो. म्हणून डॉक्टर केवळ दाबाच्या आकड्यावर न विसंबता बुबुळाचा व्यास, डोळ्याची लांबी आणि नसेचा खळगा यांची नोंद पुन्हा पुन्हा घेतात.

दोन्ही डोळे एकाच दिवशी करण्याची प्रथा काही केंद्रांत आहे. जंतुसंसर्ग झाल्यास दोन्ही डोळ्यांना होईल, हा त्यावरचा मुख्य आक्षेप असतो. तो टाळण्यासाठी दुसरा डोळा ही जणू नवीन रुग्णाची शस्त्रक्रिया आहे असे धरून हातमोजे, उपकरणे, औषधांच्या बाटल्या आणि निर्जंतुक कापड सर्व बदलतात. ज्या बाळाला भुलीचा धोका जास्त आहे, किंवा ज्यांचे घर रुग्णालयापासून फार दूर असून परत येणे अनिश्चित आहे, त्यांच्यासाठी मी हा मार्ग उचित मानतो. एरवी काही दिवसांच्या अंतराने दोन शस्त्रक्रिया करण्याकडे माझा कल असतो, कारण पहिल्या डोळ्याची प्रतिक्रिया पाहून दुसऱ्याचे नियोजन सुधारता येते.

प्रश्न : आमच्या मुलीची शस्त्रक्रिया दहा महिन्यांपूर्वी झाली. दाब उत्तम आहे असे प्रत्येक वेळी सांगतात. तरी एका डोळ्याने ती नीट पाहत नाही असे आम्हाला वाटते, आणि आता चष्मा व पट्टी सांगितली आहे. शस्त्रक्रिया यशस्वी झाली असेल तर हे कशाला?

उत्तर : पालकांना हे फारसे कुणी समजावून सांगत नाही, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. दाब उतरणे म्हणजे डोळा वाचणे. त्या डोळ्याने पाहायला शिकणे हे मेंदूचे काम आहे, आणि ते आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांतच होते. ताणून लांब झालेल्या डोळ्याला उणे क्रमांकाचा चष्मा लागतो. बुबुळावरच्या भेगांमुळे त्याचा गोलाकार बिघडतो आणि तिरक्या क्रमांकाची भर पडते. एका डोळ्यात हा दोष अधिक असेल तर मेंदू त्या डोळ्याकडून येणारे अस्पष्ट चित्र नाकारू लागतो आणि डोळा आळशी होतो. अशा वेळी दाब १२ असला काय किंवा १५ असला काय, चष्मा आणि पट्टीवाचून ती दृष्टी परत येणार नाही.

पट्टी चांगल्या डोळ्यावर, सांगितलेले तास, रोज लावायची असते. मूल रडते, पट्टी ओढून काढते, आणि घरातल्यांना दया येऊन दोन दिवसांनी पट्टी कपाटात जाते. माझ्या पाहण्यात, शस्त्रक्रिया उत्तम होऊनही दृष्टी कमी राहिलेल्या मुलांत हे कारण वारंवार आढळते. मूल एखाद्या आवडत्या खेळात, चित्रांच्या पुस्तकात किंवा खाण्यात गुंतलेले असताना पट्टी लावली तर विरोध कमी होतो. चष्मा नाकावरून घसरत असेल तर मागे पट्टा असलेली चौकट घ्या. चष्मा कपाळावर असून उपयोग नाही.

दाब उत्तम राहिला तर बाळाच्या नसेचा वाढलेला खळगा काही प्रमाणात भरून येतो. मोठ्या माणसात असे क्वचितच घडते. बुबुळावरच्या भेगांच्या रेषा मात्र कायम राहतात. पहिल्या एक-दोन वर्षांत तपासणी साधारण दर तीन-चार महिन्यांनी, पुढे सहा महिन्यांनी आणि मग आयुष्यभर करावी लागते, कारण शस्त्रक्रियेनंतर अनेक वर्षे शांत राहिलेला दाब शाळेत, कधी कॉलेजच्या वयातही, पुन्हा वाढू शकतो. मधल्या काळात पाणी येणे, उजेड नकोसा होणे, बुबुळ पुन्हा धुरकटणे किंवा चष्म्याचा उणे क्रमांक झपाट्याने वाढणे यांपैकी काही दिसले तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका. ज्या मुलाची ट्रॅबेक्युलेक्टॉमी झाली आहे त्याचा डोळा लाल झाला, चिकटा येऊ लागला किंवा दुखू लागला तर ती साधी डोळे येण्याची साथ समजून घरगुती उपाय करत बसू नये. त्या दिवशीच नेत्रतज्ज्ञाला दाखवावे.

प्रश्न : पहिल्या मुलाला जन्मजात काचबिंदू आहे. दुसरे मूल होऊ द्यावे का?

उत्तर : बहुतेक कुटुंबांत हा आजार कुटुंबात आधी कुणालाच नसतो आणि एकट्या मुलात उद्भवतो. अनेकांत तो सीवायपी१बी१ या जनुकातील दोषामुळे होतो. हा संबंध १९९७ मध्ये उघड झाला. या दोषाची एक प्रत आईकडून व एक वडिलांकडून मिळाली तरच मुलाला आजार होतो, म्हणूनच जवळच्या नात्यातील विवाहांत तो अधिक दिसतो. पहिल्या मुलात हा दोष सिद्ध झाला आणि तुम्ही दोघेही वाहक असाल तर प्रत्येक पुढच्या गर्भाला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. पहिल्या मुलाची जनुकीय तपासणी झाली असेल तरच हा हिशेब खात्रीने मांडता येतो, म्हणून आधी ती करून जनुकीय समुपदेशकाला भेटा. मूल होऊ द्यावे की नाही हा निर्णय तुमचा आहे. त्यात डॉक्टरांनी मत देऊ नये. दुसरे बाळ जन्माला आले तर पाणी येण्याची वाट न पाहता पहिल्या काही दिवसांतच बालनेत्रतज्ज्ञाकडून त्याची बुबुळे मोजून घ्या आणि वर्षभर तपासणी चालू ठेवा, म्हणजे आजार असलाच तर तो डोळा ताणण्यापूर्वीच हाती लागेल.